लाईट गेल्यानंतरचं रेकॉर्डिंग

मी सोलापूर सोडलं त्या सकाळी आई दारात उभी राहून मला काहीतरी सांगत होती आणि मला त्यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता. शेजारी नरसय्यामामांच्या कारखान्यात टॉवेलचे माग चालू होते. त्यांची आणि आमची भिंत एकच. साखर पेठेत वाढलेल्यांना हे सांगायला नको, पण बाहेरचंही कुणी हे वाचेल म्हणून सांगते. माग चालू असले की आमच्या मांडणीतली भांडी थरथरायची आणि माणसं हातवाऱ्यांनी बोलायची. पोरगी परदेशी निघालीय तर थोडा वेळ माग बंद करू का, असं नरसय्यामामांनी दारात येऊन खुणेनं विचारलं. अण्णांनी हातानंच नको म्हटलं. आपल्यामुळे कुणाचं काम थांबू नये, हा माझ्या वडिलांचा जुना हट्ट. मग आई बोलत राहिली, मी मान हलवत राहिले आणि रिक्षा आली. विमानतळावरून फोन करून विचारलं, आई, सकाळी काय सांगत होतीस गं? ती म्हणाली, "काय की बाई. आता ध्यानात न्हाय."

आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं साठवून ठेवलं जायचं. कारखान्याला सुट्टी असेल तेव्हा, नाहीतर मधेच लाईट जाईल तेव्हा. माझा बारावीचा निकाल, मावशीचं सासर सोडून येणं, मी नर्सिंगला जाणं, सगळं अशाच वेळी बोललं गेलं. लाईट गेली की बाकीची गल्ली वैतागायची. आमच्याकडे अण्णा हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचे, आई गॅस बारीक करायची, आणि अण्णा म्हणायचे, "हां, बोला आता." परत खडखडाट सुरू होईपर्यंत जे बोलून होईल ते खरं. भांडणंसुद्धा आम्ही लाईट जाईपर्यंत राखून ठेवायचो, आणि तोवर त्यातली निम्मी विसरलेली असायची.

आता मी आयर्लंडमधल्या एका लहान गावात राहते. हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात नर्स आहे. बहुतेक वेळा रोटामध्ये, म्हणजे ड्यूटीच्या तक्त्यात, माझं नाव रात्रपाळीला. सकाळी पुढच्या पाळीच्या नर्सला हँडओव्हर द्यायचा, घरी यायचं, जाड पडदे ओढून झोपायचं. पडदे चांगले मिळाले, झोप मात्र येईना. इथे दिवसाढवळ्या इतकं शांत असतं की स्वतःचं गिळणं ऐकू येतं. सोलापुरात त्या खडखडाटाला मी जन्मभर शिव्या घातल्या, आणि इथे येऊन त्याच्यासाठीच जीव कासावीस व्हायला लागला. शेंगाचटणी, कडक भाकरी, चादर, सगळं बॅगेतून आलं होतं. आवाज तेवढा मागे राहिला होता.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी अण्णांना सांगितलं, मला मागांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. अण्णा महापालिकेत कारकून होते. त्यांना काम सांगितलं की ते साहेबानं सांगितल्यासारखंच करतात. त्यांनी फोन कारखान्याच्या बाजूच्या खिडकीत ठेवला, हादऱ्यानं पडू नये म्हणून खाली उशी ठेवली आणि आईला गप्प बसायला लावलं. भलीमोठी फाईल आली. मी उत्तरादाखल झोपलेल्या माणसाचं चित्र पाठवलं. त्या दिवसापासून मी कानात ते लावून, आपोआप बंद व्हायचा टायमर लावून झोपायला लागले. आणि काय सांगू, झोप लागायची. लहानपणी लागायची तशी, एकदम.

आता आमच्या डिसेंबरच्या यादीबद्दल. आमच्या शाळेच्या बॅचचा एक ग्रुप आहे. निम्मे सोलापुरात, निम्मे पुणे, हैदराबाद, दुबई, आणि एक मी. डिसेंबर आला की प्रत्येकानं वर्षभरात आपल्याला आवडलेलं लिहायचं. पुस्तक, सिरीज, पॉडकास्ट, रोजच्या वापरातली एखादी वस्तू. ही टूम मीच काढली होती. तेव्हा वाटलं होतं की यामुळे सगळे जोडलेले राहतील. आज वाटतं, मला माझं नवं आयुष्य मांडून दाखवायला एक शोकेस हवी होती. मी लिहायचे बर्फातल्या पोलिसांच्या सिरीजबद्दल, दोन बायका झोपेवर बोलतात त्या पॉडकास्टबद्दल, लोकरीचं कव्हर असलेल्या गरम पाण्याच्या पिशवीबद्दल. सोलापुरात राहिलेल्या प्रकाशनं एका वर्षी त्याची आवडती वस्तू म्हणून डास मारायची बॅट लिहिली होती. मी त्याला हसरा चेहरा पाठवला आणि इथल्या मैत्रिणींना तो किस्सा रंगवून सांगितला.

पुस्तकांत मात्र मी मराठीच लिहायचे, आणि यादीतलं पहिलं पुस्तक अण्णांना घरपोच पाठवायचे. अण्णा वाचनालयाचे जुने सभासद. निवृत्त झाल्यावर तर दिवसभर वाचायचे. फोनवर मी विचारायचे, झालं का वाचून? "झालं," म्हणायचे. "मधला भाग लांबलाय जरा. शेवट चांगलाय." ते मत मी 'अण्णांचा शेरा' म्हणून यादीत द्यायचे. लोकांना फार आवडायचं. व्हिडिओ कॉलवर अण्णा अलीकडे माझ्याकडे न बघता माझ्या कानाकडे बघत बोलायचे. मी हसत दटावायचे, अण्णा, कॅमेऱ्यात बघा की.

या डिसेंबरला मी यादीच्या शेवटी लिहिलं: "वर्षातली सर्वांत आवडती गोष्ट ना पुस्तक, ना पॉडकास्ट. माझ्या अण्णांनी रेकॉर्ड केलेला मागांचा आवाज. रोज हे ऐकत झोपते. तुम्हीही ऐका. हे आमचं घर." आणि खाली ती अख्खी फाईल जोडली. लिहून झाल्यावर स्वतःच दोनदा वाचलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, आणि ते आल्याचं बरं वाटलं.

ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. एरवी अंगठे आणि बदाम यांचा पाऊस पडतो. दुसऱ्या दिवशीही शांतता. मला वाटलं, सगळे हेलावलेत.

मग सुजाताचा फोन आला. सुजाता माझ्या बाकावरची. नवी पेठेत तिचं शिवणकामाच्या सामानाचं दुकान आहे, अस्तर, चेन, लेस वगैरे. माल लावताना तिनं ती फाईल लावून ठेवली होती. नमस्कार नाही, चमत्कार नाही, तिनं थेट विचारलं, "तू हे शेवटपर्यंत ऐकलंस का गं?"

"ऐकलं की," मी म्हणाले.

"न्हाय ऐकलंस. ऐकलं असतंस तर टाकलं नसतंस. आधी काढून टाक ते."

मी आधी ते काढून टाकलं. मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून, भर दुपारी, कोट न काढता पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. माझा टायमर जिथे संपायचा त्याच्या बराच पुढे माग एकदम मंदावतात आणि थांबतात. लाईट गेलेली. अण्णा फोन बंद करायला विसरलेले. आणि लाईट गेल्यावर आमच्या घरात जे होतं तेच झालं. ते दोघं बोलायला लागले.

"पुरंल का तिला एवढं?" आईचा आवाज. आई सांगोल्याकडची, तिची भाषा शहरात येऊनही बदलली नाही.

"पुरेल. झोप येत न्हाय म्हणती तिकडं."

"मशीनचा आवाज मागवला पोरीनं. तुमचा-माझा न्हाय मागवला."

"आपला फोनवर ऐकतेच की."

"कुटं ऐकती? रविवारी वाईच. त्यातबी तिचंच चालतं, ह्ये बघितलं, त्ये घेतलं." मग आई म्हणाली, "डोळ्याचं सांगा की तिला. नर्स हाय ती."

"नको."

"का म्हून नको? अक्षर दिसंना तुमाला."

"वाचता येत न्हाय कळलं तर पुस्तकं पाठवायची बंद करेल. मग बोलायला काय राहिलं आमच्यात?"

"मी वाचतेय न्हवं? जोडाक्षराला अडते, एवढंच."

"तू वाच. मी ऐकतो. तिला झालं वाचून म्हणून सांगू."

मग माग सुरू झाले, आणि आणखी बराच वेळ नुसता खडखडाट.

माझी आई सातवी शिकलेली आहे. ओळीखाली बोट ठेवून वाचते. मी मिरवलेला प्रत्येक 'अण्णांचा शेरा' असा तयार झाला होता, सुट्टीच्या दिवशी, तिच्या बोटाखाली.

मला लाज वाटली, असं म्हणणं फार सोपं आहे. कशाची आधी वाटली ते सांगते. आधी लाज वाटली ती ग्रुपची. दुबईच्या शिरीषनं हे ऐकलं असेल, ज्याला मी डास मारायच्या बॅटीवरून हसले त्या प्रकाशनं ऐकलं असेल. रविवारी वाईच, हे सगळ्यांनी ऐकलं असेल. अण्णांचे डोळे मला त्यानंतर आठवले. हा क्रम मी कुणाला सांगितला नसता, पण तो माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्या वॉर्डात एखादे आजोबा बोलताना चेहऱ्याच्या बाजूला बघायला लागले तर मी त्याच शिफ्टला डॉक्टरांच्या कानावर घालते. अण्णांना साखर आहे हे मला माहीत होतं. साखरेनं डोळ्यांचं काय होतं तेही माहीत होतं. त्यांना मी कॅमेऱ्यात बघायला सांगत होते. डोळ्यांबद्दलचं त्या दोघांचं बोलणं कितीतरी महिने माझ्या उशीवर होतं आणि मी त्यावर झोपत होते.

सुट्टी काढून जानेवारीत सोलापूरला आले. घरी सांगितलं, रजा शिल्लक होती, आणि अण्णांची नजर व्हिडिओ कॉलवरच खटकली होती. डोळ्यांच्या दवाखान्यात आम्हाला प्रकाश त्याच्या गाडीतून घेऊन गेला. जाताना-येताना तो ऊस, रस्ते आणि मुलाच्या क्लासबद्दल बोलला, फाईलबद्दल चकार शब्द नाही. सुजातानं दुकानात स्टूल दिलं, चहा मागवला आणि लेसचे नवे नमुने दाखवत बसली. कुणी एक शब्द टोचून बोललं असतं तर बरं वाटलं असतं. ही माणसं मला सांभाळून घेत होती, आणि ते सोसणं जास्त अवघड गेलं.

डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचं आता फारसं काही होणार नाही. डावा आहे तेवढा राखता येईल, इंजेक्शनं वेळेवर घ्या. उन्हाळ्यात आला असता तर, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नर्स आहे हे त्यांना सांगायचं मी टाळलं. अण्णा म्हणाले, "वयानं व्हायचंच." ते मला धीर देत होते.

आता रोज दुपारी मी त्यांच्याजवळ बसते. परत जायची तारीख कॅलेंडरवर आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. मी गेल्यावर इंजेक्शनांना प्रकाश नेईल, आई वाचेल, आणि मी रोज फोन करेन असं ठरवलंय. अशी ठरवाठरवी मी आधीही केली आहे, म्हणून त्यावर कुणी विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, हे माझं या वर्षीचं दुरुस्त केलेलं आवडीचं. सिरीज नाही, पॉडकास्ट नाही. पुस्तक तेच, पण आईच्या वाचण्यातलं. ती संवाद सांगोल्याच्या भाषेत बदलून वाचते आणि पात्रांवर चिडते. जोडाक्षराला थांबते तेव्हा अण्णा अंदाजानं शब्द सांगतात. वस्तू म्हणाल तर खिडकीतली ती उशी. ती अजून तिथेच आहे, पुन्हा लागेल म्हणून.

घर म्हणजे मागांचा आवाज, असं मी लिहिलं होतं. तो आवाज तर मी सोबत नेला होता आणि त्याच्या जोरावर घरापासून छान दूर राहिले होते. मला आता वाटतं, घर त्या आवाजाच्या थांबण्यात होतं. ते मी कधी ऐकलंच नाही.

आल्यापासून एक गोष्ट अण्णांना सांगायची राहिली आहे. मी ते बोलणं ऐकलंय, सगळ्या ग्रुपला ऐकवलंय, आणि वाचता येत नसलं तरी आमच्यात बोलायला बरंच काही आहे. काल दुपारी मी सुरुवात केली, पण माग चालू होते. अण्णांनी कानाशी हात नेऊन नंतर अशी खूण केली. मी ओरडून सांगितलं नाही. असलं काही ओरडून सांगता येत नाही.

आज जेवणं होत आली होती. पलीकडचे माग एकदम थांबले. पंखा मंदावला. आईनं गॅस बारीक केला आणि पाट पुढे ओढून बसली. अण्णांनी हात पुसला, माझ्या कानाकडे बघितलं आणि म्हणाले, "हां, बोल आता."