पाच नंबरची डबी

ताराचंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहात पाव बुडवून खात होतो. सांगायला लाज वाटते, पण आज लाज बाजूला ठेवूनच लिहायला बसलो आहे. फोन त्याच्या थोरल्या भावाचा, मोहनलालजींचा. "मास्तर, ताराचंद गेला. सुटला बिचारा." सुटला! मला अशी शिसारी आली की मी फोनच ठेवून दिला. कशातून सुटला? आजारातून तर तो केव्हाच सुटला होता. घर भरलेलं, कोठीत नवं धान पडलेलं असताना, हा माणूस उपाशी गेला. सव्वा महिना होत आला, तो शब्द अजून कानातून जात नाही.

आम्ही दोघं अर्जुनी मोरगावजवळच्या एकाच गावचे, एकाच बाकावरचे. मी शिकून विज्ञानाचा मास्तर झालो, तो धानाच्या बांध्यांत राहिला. खाण्याचा असा शौकीन माणूस मी दुसरा पाहिला नाही. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेताच्या धुऱ्यावर बसून शिळा भात आणि बोडीच्या पाण्यातल्या झिंग्यांची चटणी असा काही हाणायचा की पाहणाऱ्यालाही भूक लागावी. मागच्या पावसाळ्यात त्याच्या आतड्याला पीळ पडला. नागपूरला नेईपर्यंत बराच भाग काळा पडला होता, तो कापावा लागला. लहान आतडं उरलं जेमतेम दोन-अडीच हात. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, उरलेलं आतडं हळूहळू जास्तीचं काम उचलेल, वर्षभर लागेल, पण दिवसातून आठ वेळा थोडं थोडं खायला द्या. सुरुवातीला जुलाब होतील, त्याचं औषध लिहून देते, जुलाब झाले म्हणून खाणं बंद करू नका... हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी तिथेच उभा होतो.

घरी आल्यावर ताराचंदनं मला धरलं. "कापलेलं आतडं कसं काम करते गा? सांग ना मले." मी कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढलं. आतड्याच्या आतून बोटांसारखे बारीक बारीक उंचवटे असतात, अन्नातला रस तेच ओढून घेतात. त्यांच्या बुडाशी खड्डे असतात आणि त्या खड्ड्यांत नव्या पेशी सारख्या जन्मत असतात. वर सरकतात, काम करतात, चार-पाच दिवसांत गळून जातात. आतडं कमी झालं की त्या खड्ड्यांतल्या पेशी झपाट्यानं वाढायला लागतात. खड्डे खोल होतात, उंचवटे लांब होतात, उरलेल्या तुकड्यातच रस ओढायला जागा वाढते. फक्त त्यांना अन्न लागलं पाहिजे. आतून अन्न गेलं नाही तर सगळं उलट सुकत जातं. ताराचंद चित्रावरून बोट फिरवत म्हणाला, "हे त धानाच्या परह्यावानीच हाये. पाणी तोडलं त फुटवे निंगतच नाई." तीस वर्षं मी हा धडा शिकवला, पण इतका नेमका एकाही पोराला कळला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून आठ छोट्या स्टीलच्या डब्या मागवल्या आणि झाकणांवर लाल रंगानं आकडे टाकून घेतले.

ताराचंदच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, पंधरा दिवस त्या मन लावून भरल्या. अंडं, तेल घातलेला वरणभात, मासोळी. जुलाब व्हायचेच, दिवसाला दहा-बारा. खोलीत घाण वास कोंडून राहायचा. मग एक दिवस मोहनलालजी गरजले, "पेटाले आराम पायजे! पेजच द्या." आमच्याकडे हे ठरलेलंच. पोट बिघडलं की सगळं तोडायचं आणि तांदळाची पातळ पेज पाजायची. दोन दिवसांच्या पोटदुखीला ते ठीक. इथं महिन्यांमागून महिने चाललं. मी एकदा बोललो, नाही असं नाही. मोहनलालजी म्हणाले, "मास्तर, पुस्तकातलं पेट येगळं, आमच्या घरचं येगळं." आणि मी मूग गिळून बसलो. नुसता बसलो नाही, तर वहिनींनी आणलेली तर्री-पोह्यांची बशी पेज पिणाऱ्या त्या माणसासमोर चाटूनपुसून खाल्ली. एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातानं नाकाला रुमाल! त्या घराची किळस मला आत्ता येते आहे, पण त्याहून जास्त त्या रुमालवाल्याची येते.

शेवटचा भेटलो तेव्हा त्याचे हात काड्या झाले होते आणि पाय सुजून चकाकत होते. कॅलेंडरचा तो कागद उशाशी होता. हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तूच त सांगतलं होतं... मंग माहं पाणी कायले तोडून रायले हे लोकं? मले भूक लागून रायली गा." मी म्हणालो, "मोठे भाऊ आहेत, बघू." बघू! नागपूरच्या त्या बाईंना एक फोन करायला माझ्या हाताला काय झालं होतं? भाऊबंदांत वाईटपणा नको, एवढंच. चार दिवसांनी तालुक्याच्या दवाखान्यात त्यानं प्राण सोडला.

तेरवीला अख्खं गाव जेवलं. वडे, पुऱ्या, बुंदी, वर तुपाची धार. ताराचंदच्या नावाचं पान तर काय भरगच्च वाढलं होतं! मोहनलालजी स्वतः आग्रह करत फिरत होते, "त्याले आवडत होतं, वाढा, अजून वाढा." मी न जेवताच निघालो. दारात वहिनींनी गाठलं आणि घरच्यांसाठी बुंदी पिशवीत घालून हातात दिली. मग म्हणाल्या, "मास्तर, तुमाले मालूम होतं ना?" मी मान डोलावली. "मंग जोरानं काऊन नाई सांगतलं? मी आयकली असती..." रडत नव्हत्या. उत्तर मिळेल म्हणून उभ्या होत्या. मी चपला घातल्या आणि चालू लागलो.

घरी येऊन पाहिलं तर बुंदी ताराचंदच्याच डबीत होती. झाकणावर लाल पाच. ती माझ्या टेबलावर तशीच आहे. बुंदी काळी-हिरवी पडली आहे, बुरशीचा आंबूस वास खोलीभर असतो. सूनबाई रोज म्हणते, बाबा, फेका ना ते, मळमळतं. मी फेकत नाही. त्याच वासात बसून हे लिहितो आहे, रुमाल खिशात आहे, नाकाला लावत नाही.