न दिसणाऱ्या माणसाची चाल

स्टुडिओत त्याला सगळे खुडबुड्या म्हणत. तोंडावर खुडबुडे. नव्याने आलेल्यांना ते त्याचं आडनावच वाटे, आणि त्यानेही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. बावन्न वर्षांचा, अंगाने काटकुळा, कामावर येताना मऊ सुती कपडे घालणारा, कारण दुसऱ्या कापडाची सळसळ माइकला ऐकू जाते. चित्रीकरणात जे आवाज नीट येत नाहीत ते नंतर खोलीत बसून करायचे, हे त्याचं काम. पडद्यावर कुणी दार लावलं की इकडे हा दार लावणार, कुणी चाललं की हा चालणार. त्याच्या खोलीत जमिनीत चौकोनी खड्डे होते, एकात वाळू, एकात खडी, एकावर लोखंडी पत्रा, एकावर लाकडी फळ्या. भिंतीला चाळीस जोड बूट. बायकांच्या उंच टाचांच्या चपलाही तोच घालायचा, आणि त्या घालून चालताना तो इतका गंभीर असे की हसायला आलेला माणूस मुकाट्याने निघून जाई.

अवकाशयानाची एक मालिका नऊ वर्षं चालली होती. तिच्या प्रत्येक भागात कप्तानाचे बूट म्हणजे खुडबुड्या. ती संपली आणि त्याच कथेतून दुसरी मालिका काढायचं ठरलं. जुन्या मालिकेत एका भागात एका अवकाशतळाचा नुसता उल्लेख होता, तिथली माणसं एका दिवसात नाहीशी झाली असा. नवी मालिका त्या तळावर घडणार होती. पहिला सीझन आठ भागांचा. तळ उघडायला गेलेल्या पाच जणांना तळाच्या बंद केलेल्या बाजूने कुणीतरी चालल्याचा आवाज येतो, एवढंच तिसऱ्या भागापर्यंत कळतं.

दिग्दर्शक बाई स्वतः त्याच्या खोलीत आल्या. त्यांनी सांगितलं, हा माणूस शेवटपर्यंत दिसणार नाही, तेव्हा त्याला जे काही असायचं ते पावलांतच असलं पाहिजे. तो कुणाच्या मागावर नाही. त्याला नुसतं घर सापडत नाहीये.

खुडबुड्याने दोन दिवस जंग जंग पछाडलं. जड बूट, अनवाणी पाय, ओलं फडकं गुंडाळलेले पाय, एका पायात बूट आणि एका पायात काही नाही. बाई दर वेळी मान हलवत. त्यांचं म्हणणं, हे भुतासारखं वाटतंय, माणसासारखं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तो वैतागला, पायात होते त्याच जुन्या चामडी बुटांनिशी फळ्यांवरून पाणी प्यायला गेला. काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टकडून मशीन बंद करायचं राहून गेलं होतं.

"हेच," बाई म्हणाल्या.

त्याने ऐकलं. एक पाऊल सरळ, दुसरं किंचित घासत, मग टाचेवर जरासं थांबणं, जणू पुढे जावं की नाही याचा विचार. आपण असे चालतो? त्याने पुन्हा चालून पाहिलं. तसं येईना. शेवटी तोच पाण्यापर्यंतचा तुकडा त्यांनी सगळीकडे वापरला.

घरी तो आणि आई, दोघंच. तिसरा भाग लागला त्या गुरुवारी संध्याकाळी आई टीव्हीसमोर शेंगा सोलत बसली होती. तिला अवकाशबिवकाश कळत नसे, पण लेकाचं काम म्हणून ती बघायची. पडद्यावर अंधारा बोगदा आला आणि ती पावलं वाजू लागली. आईने मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं, उठली, दाराची कडी काढली आणि दार उघडून उभी राहिली.

त्याने विचारलं, कोण आलंय.

"जिन्यात आहेत अजून," आई म्हणाली.

त्याने टीव्ही बंद केला. आई आणखी थोडा वेळ तशीच उभी होती. मग दार लावून परत शेंगांना बसली. तिने दार कुणासाठी उघडलं ते खुडबुड्याला कळलं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे त्याचे वडील, त्यांच्या डाव्या पायावर एकदा यंत्राचा भाग पडला होता. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी ते बुटाला तळ लावून आणतो म्हणून बाहेर पडले आणि परतलेच नाहीत. भांडण नाही, आजार नाही, चिठ्ठी नाही. ते कसे चालत हे त्याला आठवतही नव्हतं. त्याच्या पायांना आठवत होतं.

सहावा भाग होऊन गेल्यावर स्टुडिओच्या पत्त्यावर एक पत्र आलं. अक्षर वयस्कर बाईचं. मजकूर दोन ओळींचा. तुमच्या मालिकेत जो माणूस चालतो तो माझा भाडेकरू आहे, तो आता कुठे आहे ते कळवावे.

रेकॉर्डिस्टला त्याची गंमत वाटली. खुडबुड्याने पत्र घडी करून खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून चार तासांच्या बसने पत्रावरच्या गावी गेला. आईला काही सांगितलं नाही.

घरमालकीण तळमजल्यावर राहायची. वर लाकडी जमिनीची एकच खोली. ती पावलं याचीच हे कळल्यावर तिने त्याला चहासुद्धा विचारायच्या आधी वर जाऊन चालायला सांगितलं. तो चालला. खाली आला तेव्हा ती म्हणाली, नाही, असं नाही. मग तिने बसवून घेऊन सगळं सांगितलं.

भाडेकरू चौदा वर्षं तिथे होता. मुद्रितं तपासायचा, कुणाकडे येणंजाणं नाही. गुरुवारी तेवढा खाली यायचा तिच्यासोबत टीव्ही बघायला. जुनी मालिकाही त्याने एकही भाग न चुकवता पाहिली होती. नव्या मालिकेच्या तिसऱ्या भागात पावलं वाजली तेव्हा त्याने खाली वाकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पाय हलत नव्हते. तिला म्हणाला, हे कुणी केलं असेल. ती म्हणाली, मशीन करत असेल.

"मशीनच्या एवढं लक्षात राहत नाही," तो म्हणाला होता.

एरवी भाग संपला की तो उठायचा. त्या दिवशी शेवटी सरकत जाणारी नावं तो चष्मा लावून वाचत बसला. त्यात खुडबुड्याचं खरं नाव होतं, मध्ये वडिलांचं नाव, पुढे आडनाव. सकाळी खोली झाडलेली होती, किल्ली टेबलावर होती आणि भाडेकरू नव्हता.

परतीच्या बसमध्ये खुडबुड्याला रडू आलं नाही, राग मात्र आला. नाव वाचून माणूस घराकडे यायचा सोडून आणखी लांब गेला. घरी आल्यावर त्याने आईला सगळं सांगून टाकलं. ती रडेल, निदान बोल लावेल, असं त्याला वाटलं होतं. तिने आधी त्यांच्या तब्येतीचं विचारलं, जेवणाखाणाचं विचारलं. मग म्हणाली, "नाव वाचलं ना त्यांनी?"

"वाचलं."

"मग कळलं त्यांना, तू काय करतोस ते."

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मला ती खोली बघायचीय. आठवड्याभराने तो तिला घेऊन गेला. आईने खाट, टेबल, खिडकी, सगळं पाहिलं. पदर खोचून काच पुसली, पुसण्यासारखी नव्हती तरी. मग ती खाली घरमालकिणीशी बोलायला गेली. दोघी म्हाताऱ्या भाडेकरूच्या चौदा आणि संसाराच्या पस्तीस वर्षांचा हिशोब जुळवत बसल्या, एकीला माहीत ते दुसरीला नव्हतं. खुडबुड्या वर खिडकीशी उभा होता. अंगणातल्या वाळत घातलेल्या चादरींकडे बघत, बराच वेळ, जागचा न हलता.

तो खाली उतरला तेव्हा दोघी कान देऊन बसल्या होत्या. हातात कप तसेच, आणि दोघींच्या नजरा छताकडे, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत हळूहळू सरकत गेलेल्या.

आईने त्याच्याकडे पाहिलं. "वर तूच चालत होतास ना?"

"हो," तो म्हणाला. "मीच."

आईने कप खाली ठेवला आणि घरमालकिणीला म्हणाली, "आता ही खोली द्या कुणाला तरी."

पुढच्या महिन्यात तिथे एक शिक्षिका राहायला आली. मालिकेचा दुसरा सीझन ठरला, तेव्हा खुडबुड्याने बाईंना सांगितलं की बाकी सगळं मी करतो, पण त्या माणसाला आता दुसऱ्या कुणीतरी चालवावं. बाईंनी कारण विचारलं नाही. दुसऱ्या स्टुडिओतून एक जण आला, त्याने चांगलं काम केलं, आणि प्रेक्षकांनी पत्रं लिहून विचारलं की तो आधीचा माणूस कुठे गेला.