लाल खुणेची स्प्रिंग

वसुधा गेल्याचं मला अशोकरावांनी, तिच्या यजमानांनी, फोनवर सांगितलं. मी अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या बाजारात मेथीची जुडी निवडत उभी होते. "सुनंदाताई, वसू आज पहाटे गेली," एवढंच बोलले. मी म्हटलं, "बरं." जुडीचे पैसे दिले. घरी आल्यावर मुलाला म्हणाले, "माझी पिस्तुलाची पार्टनर गेली रे." आपली आई कधीकाळी नेमबाज होती हे त्याला माहीत होतं, पण पिस्तुलाला पार्टनर असते हे कुठून माहीत असणार? आता महिना होऊन गेला, तेव्हा नीट सांगते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. बाबा मिलच्या साचेखात्यात, मागावर होते. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मिल बंद झाली. बाबा रोज गेटवरच्या मीटिंगला जात आणि रोज तेच ऐकून परत येत. कॉलेजच्या छात्रसेनेत माझा नेम बरा निघाला होता म्हणून मला बेटमा रस्त्यावरच्या क्लबच्या रेंजवर जागा मिळाली. तिथेच वसू भेटली. वडील बँकेत मॅनेजर, स्वतःची मोपेड, आणि जगातल्या प्रत्येक माणसाला, मग तो बाई असो की बुवा, 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायची सवय. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काय भिया, पिस्तूल धरलंय की दुधाची बादली?" मला राग आला. आठवड्याभरात मी तिच्या मोपेडवर मागे बसून येऊ-जाऊ लागले.

क्लबकडे स्पर्धेच्या दर्जाचं एकच पिस्तूल होतं आणि आम्ही मुली दोघी. आधी एकीने मारायचं, मग दुसरीने. त्या पिस्तुलासोबत तीन मेनस्प्रिंगा आल्या होत्या: नरम, मधली, कडक. चाप दाबला की हातोडी ज्या जोराने गोळीच्या बुडावर आदळते, तो जोर या स्प्रिंगचा. नरम बसवली तर चाप लोण्यासारखा सुटतो आणि नेम हलत नाही, पण हातोडीचा मार कमी पडतो. कडक बसवली तर कुठलीही गोळी फुटते, पण शेवटच्या क्षणी बोटाला जोर लावावा लागतो आणि नळी खाली झुकते. तिन्ही दिसायला सारख्या, म्हणून वसूने मधलीच्या टोकाला गुलाबी आणि कडक स्प्रिंगला लाल नेलपेंट लावलं. आमचे कोच रावतसर वैतागले, "ये पिस्तौल है कि ब्यूटी पार्लर?"

तेव्हा बाहेरचा माल देशात यायला लागला होता. वसूच्या वडिलांनी तिच्यासाठी परदेशी गोळ्या मागवल्या. त्या गोळ्या नाजूक, नरम स्प्रिंगवर हसत फुटायच्या. मी क्लबच्या देशी गोळ्या वापरायची. त्यांच्या बुडाची कड जाड. नरम स्प्रिंगवर नुसतं टक् व्हायचं, गोळी जागच्या जागी.

राज्य स्पर्धा जवळ आली. राज्याच्या टीममध्ये नाव लागलं तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला अर्ज करता येणार होता. घरात दुसरी मिळकत नव्हती, त्यामुळे माझं सगळं त्या नावावर अडकलं होतं. रावतसरांनी बजावलं, "एक बार चेकिंग हो गयी, तो पिस्तौल नहीं खुलेगी. स्प्रिंग दोनों मिलके तय कर लो." म्हणजे दोघींना मिळून एकच.

वसू म्हणाली, "सोप्पं आहे. माझ्या गोळ्या घे, नरम ठेवू."

"नको. मी माझ्याच गोळ्यांनी मारणार."

"अरे यार, किती अकड!"

"आहे. मग?"

आजही मी नाहीच म्हटलं असतं. ती हसली, आणि माझ्याच डब्यातल्या गोळ्यांची परीक्षा घ्यायला बसली. तिची पद्धत होती: सगळ्यात हट्टी गोळी हातात घ्यायची आणि ती कुठल्या स्प्रिंगचं ऐकते ते बघायचं. नरम स्प्रिंगवर माझ्या निम्म्या गोळ्या रुसल्या. गुलाबीवर सगळ्या फुटल्या, एक सोडून. मला हायसं वाटलं. म्हटलं, "गुलाबी ठेवू. एखादी चालते."

"त्या एखादीत तुझी नोकरी बसलीय, भिया," असं म्हणत तिने लाल स्प्रिंग बसवायला घेतली.

लालवर तिचे गुण घसरायचे, हे आम्हा दोघींना माहीत होतं. म्हणून तिने मला महिनाभर रोज सुदामा नगरला तिच्या घरी बोलावलं. पिस्तूल घरी नेता येत नसे, तर कडक चापासाठी हात पक्का व्हावा म्हणून आम्ही इस्त्री हातात धरून उभ्या राहायचो, हात थरथरेपर्यंत. तिची आई ओरडायची, "अगं, कपड्यांना तरी शिल्लक ठेवा ती!"

स्पर्धेत माझी प्रत्येक गोळी फुटली. माझं नाव यादीत शेवटचं लागलं. तिचा नंबर माझ्या लगेच खाली... यादीबाहेर. मला तिच्याकडे बघवेना. ती यादीसमोर उभी राहून म्हणाली, "लाल नेलपेंट मला कधी शोभलंच नाही." मग मला पोहे-जिलेबी खायला घेऊन गेली आणि माझ्या वाटची जिलेबीही तिनेच खाल्ली.

नोकरी लागली. बाबांनी माझं नेमणुकीचं पत्र गेटवरच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. धाकट्या भावाचं शिक्षण त्याच पगारावर झालं. पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं, "गुलाबीनेही भागलं असतं ना गं?" ती म्हणाली, "भागलं असतं. पण 'फुटेल का' हा विचार डोक्यात असला की बोट थांबतं. तुझं बोट थांबू द्यायचं नव्हतं." आणि वर लगेच दटावलं, "आता त्याग-बिग म्हणून रडू नकोस. माझा नेम चुकला, मी हरले. बस."

मी रडले नाही. आभारही मानले नाहीत, तिने मानू दिले नसते. आता इथे मानते.

तेराव्याला सुदामा नगरला गेले. वडिलांनंतर वसू आणि अशोकराव त्याच घरात राहत होते. आतली खोली नव्याने रंगवलेली, पिस्त्याच्या रंगाची, फक्त खिडकीजवळच्या भिंतीवर हातभर चौकोन जुन्या चुन्याचा तसाच. त्यात पेन्सिलीने गिरवलेले दोन काळे ठिपके, एक वर, एक जरा खाली. इस्त्री धरून आम्ही ज्यांच्यावर नेम धरायचो, तेच. अशोकराव म्हणाले, "दर वेळी रंगारी विचारायचे, मॅडम, हा डाग मिटवू का? ती म्हणायची, खबरदार. वरचा एक वेळ गेला तरी चालेल, खालच्याला हात लावायचा नाही."

तिच्यापेक्षा मी बुटकी. खालचा ठिपका माझा होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले, रिकामा हात खांद्याइतका वर उचलला... बराच वेळ. हात हलला नाही.