पुतण्याचे पेढे

पेढे घेऊन गेलो, ही चूक माझीच. आमच्या इंग्रज साहेबाच्या थोरल्या भावाला तिकडे मुलगा झाला, अशी बातमी सेक्रेटरीबाईंनी दिली आणि माझ्यातला नाशिककर जागा झाला. मुलगी झाली तर बर्फी, मुलगा झाला तर पेढे, आणि तेही ज्याच्या घरी झाला त्याने वाटायचे. एवढं साधं मलाही कळतं. पण साहेबाला काय माहीत, म्हणून आपणच न्यावेत, असा उदार विचार केला. संध्याकाळी इथल्या फरवानियाच्या देशी बाजारात जाऊन किलोभर पेढे आणले आणि सकाळी त्याच्या टेबलावर खोका उघडून म्हणालो, “अभिनंदन सर! घराण्याला वारस आला!”

साहेबाने खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, “माझं घर गेलं, त्याची मिठाई आणलीस तू.”

दार लावून घेऊन त्याने सगळं सांगितलं. त्याचा भाऊ लॉर्ड. वाडवडिलांची जहागीर, दोन तळी, चाळीस खोल्यांचं घर. भावाला तीन मुली. थोरली पस्तिशीची, शिकून आल्यापासून शेती तीच बघते. गाईंच्या बाळंतपणाला रात्रभर गोठ्यात बसते. पण मुलींना लॉर्डचा किताब मिळत नाही आणि घर किताबाबरोबर जातं. त्यामुळे भावानंतर सगळं आमच्या साहेबाकडे येणार होतं. साहेबाच्या बायकोने म्हणे पडद्यांचं कापडसुद्धा निवडून ठेवलं होतं.

“मग भावाने सदतीस वर्षं संसार केलेल्या बायकोला सोडलं आणि एक तरुण मुलगी घरात आणून ठेवली,” साहेब म्हणाला. “लग्न मात्र लगेच केलं नाही. तिला दिवस गेल्यावर तपासणी केली. मुलगा आहे हे कळल्यावर केलं. बाळ व्हायच्या तीन आठवडे आधी.”

“आणि मुलगी असती तर?”

“तर लग्न कशाला केलं असतं?” माझ्या अडाणीपणाची त्याला कीव आली असावी. “लग्नाआधी झालेल्या मुलाला किताब मिळत नाही, म्हणून ती घाई.”

इतकी वर्षं आखातातल्या रिफायनरीत काढल्यावर सडक्या अंड्यांच्या वासाचंही मला काही वाटत नाही. त्या केबिनमध्ये मात्र नाकाला रुमाल लावावासा वाटला. बाजारात म्हैस घेतानासुद्धा माणूस तिच्या पाठीवरून एकदा मायेने हात फिरवतो. मी विचारलं, “आणि तुमच्या थोरल्या पुतणीचं काय?”

“तिचं काय?” साहेब म्हणाला. पडद्यांचं दुःख खरं होतं. पुतणी त्याच्या हिशेबातच नव्हती. “इस्टेटीचे तुकडे झाले की घराणं संपतं. कुणाला तरी सोडावं लागतंच.” आणि खोका माझ्याकडे सरकवला. त्यातला एकही पेढा कुणी उचलला नव्हता. मलाही ते पेढे नासलेल्या दुधाचे वाटायला लागले होते.

घरी आलो तो तणतणतच. परवाच्या विमानाने मी नाशिकला निघणार होतो, म्हणून बायको माझी बॅग भरत होती. ती इथल्या सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. कुणाचंही गाऱ्हाणं हातातलं काम न थांबवता ऐकायची तिला सवय आहे. मी हातवारे करकरून सगळं सांगितलं. आमची बारा वर्षांची लेक सोफ्यावरून म्हणाली, “यक्, बाबा! दॅट्स सो ग्रॉस!” मला फार बरं वाटलं. म्हटलं, “बघ! आपल्यात असलं काही नाही.”

बायकोने बॅगेच्या तळाशी हात घातला आणि एक खाकी पाकीट वर काढून ठेवलं. “हे वरच ठेवते. ताईंपुढे बॅग उपसायला नको.”

पाकिटात हक्कसोडपत्र होतं. वडील वर्षापूर्वी गेले. घरावर आणि अडीच एकर द्राक्षबागेवर माझ्याबरोबर ताईचंही नाव लागलं होतं, आणि तिची सही घ्यायला मी निघालो होतो. वकिलाने मसुदा छान केला होता: राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता, बंधुप्रेमापोटी. वडिलांचं शेवटची चार वर्षं सगळं ताईने केलं. बागेत फवारणी कधी करायची ते तिला कळतं. मला अजून कळत नाही. मी वर्षातून एकदा बदाम आणि दुधाची पावडर घेऊन जातो.

“ते वेगळं आहे,” मी म्हणालो. “ताईनेच विचारलं, सही कुठे करू म्हणून.”

“तुम्ही पाकीट घेऊन येणार हे ठाऊक असल्यावर बिचारी दुसरं काय विचारणार?”

“अगं, अडीच एकराचे तुकडे केले तर उरणार काय—”

वाक्य तिथेच अडकलं. हे मी सकाळीच ऐकलं होतं, इंग्रजीत. लेकीने पुस्तकातून डोकं वर काढलं होतं. तिचं ते मघाचं ‘यक्’ अजून खोलीतच होतं.

बायको पेढ्यांचा खोका उचलून म्हणाली, “हेही न्या. सही झाली की तोंड गोड करावंच लागेल.”

मी पाकीट घेतलं आणि कपाटात, जुन्या विजेच्या बिलांखाली सारलं. फाडलं नाही, तेवढा शूर मी नाही. पण वकिलाला फोन करून सांगितलं, कागद रद्द, ताईचं नाव आहे तसंच राहील. तो म्हणाला, पुन्हा विचार करा. मी फोन ठेवला. मग बॅगेकडे गेलो आणि ताईसाठी घेतलेली मोरपंखी साडी बाहेर काढायला लागलो. का, ते माझं मलाच कळेना. हातानेच परस्पर हिशेब केला असेल.

बायकोने साडी माझ्या हातातून घेतली, घडी मोडली होती ती नीट केली आणि परत बॅगेत ठेवली. म्हणाली, “साडी राहू द्या की. ती सहीची नव्हती ना?”