विषम संख्यांची बेरीज

मंगळवारी शाळेत गणिताचा तास घेताना माझे पती कोसळले. दुपारपर्यंत ते गेले.

त्याच्या आदल्या आठवड्यात जेवताना त्यांनी मला विचारलं होतं, "एकपासून विषम संख्या ओळीनं मिळवत गेलं की दर वेळी वर्गसंख्याच येते. एक, चार, नऊ, सोळा. का?"

"तुम्हीच सांगा," मी म्हणाले.

"मी सांगितलं तर तुझी मजा जाईल."

नागपूरच्या आमच्या शाळेत मुलींना बीजगणिताऐवजी गृहशास्त्र घेता येई. मी तेच घेऊन मॅट्रिक झाले होते. दिवसकार्य आटोपल्यावर मी त्यांचं नववीचं पुस्तक काढलं. त्यांचा प्रश्न तसाच सोडून देणं मला जमेना. पण अभ्यासाची मला एकच रीत ठाऊक होती, पाठांतर. सिद्धता मी स्तोत्रासारखी पाठ केली. ओळ न् ओळ येई. 'का' तेवढं येत नव्हतं.

चैत्रात गच्चीवर सासूबाई मुगाच्या वड्या घालत होत्या. त्या मौद्याकडच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या.

"काय पुटपुटून राहिली वं?"

"गणित आहे, आई."

"तोही असाच पुटपुटे. बस इथं, हात लाव. मधात नोको टाकू, मंग हात पुरत नाही. पलीकडच्या कोपऱ्यातून दोन्ही अंगांनी वाढवत ये."

मी कोपऱ्यात एक वडी घातली. तिच्या दोन्ही अंगांनी मिळून तीन. मग पाच. मग सात. धोतराच्या फडक्यावर चौकोन मोठा होत होता, आणि दर खेपेला आधीपेक्षा दोनच वड्या जास्त लागत होत्या. माझा हात थांबला. फडकं संपलं असतं, गच्ची संपली असती, तरी हे चुकलं नसतं.

"काहून थांबली?"

मी त्यांना सगळं सांगितलं, बोटानं वड्या दाखवत. त्यांनी पिठाचा हात तसाच धरून ऐकलं.

"एवढंच? हे तं मले पयलेपासून ठाऊक हाय."

"मग त्यांना का नाही सांगितलंत?"

"त्यानं मले कधी इचारलंच नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढची वडी घातली.

आता त्याही नाहीत. बीजगणित माझं पुरं झालं आहे. भूमिती अर्धी राहिली आहे.