ओमोनचा वायसर

माझ्या चहाच्या दुकानातून रस्ता ओलांडला की ओमोनचं वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे घराची पुढची पडवी, तीत एक टेबल, आणि भिंतीला टांगलेल्या दहा-बारा छर्ऱ्याच्या बंदुका. खालचा दांडा हापसून हवा भरायची आणि चाप ओढायचा, अशी ही गरिबाची बंदूक. आमच्या डोंगरात नारळ फार आणि नारळ पोखरणाऱ्या खारी त्याहून फार. त्यामुळे एखाद्या घरात पंखा नसेल, पण बंदूक असते.

बंदूक असते म्हणजे ती सांभाळता येते असं नाही. एका शहाण्याने सुकी मासळी तळून उरलेलं तेल बंदुकीला घातलं आणि खारीची वाट बघत नारळाखाली दबा धरून बसला. खार आली नाही, गावातली सात मांजरं आली. ओमोन असल्या माणसाला काही बोलत नाही. बंदूक उघडतो, हुंगतो, आणि चष्म्यावरून त्या माणसाकडे नुसता बघतो. त्यापेक्षा दोन शिव्या बऱ्या.

त्याचा जीव होता वायसरमध्ये. हवा कोंडून धरणारी ती चामड्याची चकती तो स्वतः बनवायचा. आमच्या मशिदीत अजानीआधी वाजतो त्या मोठ्या ढोलाचं म्हशीचं कातडं बदललं, तेव्हा जुनं कातडं ओमोनने मागून आणलं होतं. त्यातून चकत्या कापायच्या, तीन दिवस खोबरेल तेलात भिजवायच्या, दगडावर ठेचायच्या आणि अंगठ्याने चाचपत ब्लेडने गोल करायच्या. चाळीस वर्षं मशिदीत काढलेलं कातडं बेइमानी करणार नाही, असं तो म्हणे. इमामसाहेबांना हे बोलणं मुळीच आवडलं नव्हतं, पण त्यांच्याही बंदुकीत तोच वायसर होता.

मग बसथांब्यावर यायान नावाच्या एकाने बंदूकदुरुस्तीचं दुकान टाकलं. तयार रबरी वायसर, पाच मिनिटांत बसवून देणार. एकदा माझ्याच दुकानात बसून तो म्हणाला की, ओमोनचं चामडं पावसाळ्यापर्यंत टिकलं तर नशीब. ओमोनने कप खाली ठेवला.

“ज्या दिवशी माझा वायसर आपणहून हवा सोडेल, त्या दिवशी दुकानाची पाटी उतरवीन आणि मासे पाळीन.”

अकरा माणसांनी हे ऐकलं. ओमोनने पूर्वी एकदा मासे पाळले होते, ते सगळे बगळ्यांनी खाल्ले. म्हणजे मासे पाळणं म्हणजे उपाशी मरणं, हे आम्हा सर्वांना कळत होतं. त्याला दुसरं काही येत नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी आमचे गावप्रमुख रुकमाना बंदूक घेऊन आले. दोन्ही हातांनी, तान्हं मूल धरावं तशी धरून, आणि चेहरा पांढराफटक. झालं होतं असं की खार फारच उंच बसली होती, आणि खाली बघायला चार माणसं जमली होती. दहा-बारा दाब पुरतात, पण साहेबांनी मोठ्याने मोजत एकतीस मारले. चाप ओढला तर नुसतं टक्. छर्रा आत, हवा आत. खारीने नारळ संपवला आणि निघून गेली.

असं होतं. दाराला आतून शंभर माणसं टेकली तर बाहेरून कितीही धडका मारा, दार उघडत नाही. हवा जास्त झाली की आतली झडप तशीच बसते. रविवारी सगळ्या गावाची खारींची शिकार ठरली होती, तोवर बंदूक हवी असं सांगून साहेब मोकळे झाले.

आता ही भरलेली बंदूक ठेवायची कुठे? आधी ओमोनने ती पडवीत ठेवली, तोंड माझ्या दुकानाकडे. मी पळी घेऊनच रस्ता ओलांडला. मग पश्चिमेला वळवली, तर तिकडे मक्का. वर केली तर कौलं. शेवटी झोपायच्या खोलीत कापसाची गादी गुंडाळून तिच्यात नळीचं तोंड खुपसलं, आणि नवरा-बायको जमिनीवर चटईवर झोपू लागली. त्याची बायको एंतिन कंबर धरून पाणी भरताना दिसे.

लोक सल्ला द्यायचे, पडू दे तशीच, दोन दिवसांत हवा आपली आपण सुटेल. ओमोन त्यांच्याकडे बघत राही. हवा सुटली तर बंदूक मोकळी, पण पाटी गेली. तो रोज सकाळी बंदुकीला कान लावून ऐकायचा आणि खटका मारून बघायचा. टक्. भरलेलीच. त्याचं तोंड आधी फुलायचं आणि मग पडायचं. असा दुखणेकरी मी दुसरा पाहिला नाही.

दुसरा उपाय होता. मागचा नट सैल करून हवा काढायची. पण वीस वर्षांपूर्वी ओमोनने एका भरलेल्या बंदुकीचा नट उघडला, तो उडाला आणि पुढचा दात घेऊन गेला. तेव्हापासून भरलेल्या बंदुकीच्या नटाला त्याने पाना लावला नव्हता. हे तो कबूल करत नसे. वेळ नाही म्हणायचा, मुहूर्त नाही म्हणायचा, पाना सापडत नाही म्हणायचा.

शुक्रवारी दुपारी पुरुषमंडळी नमाजाला गेली तेव्हा एंतिन माझ्याकडे आली आणि माझ्या मोठ्या कढईचं झाकण मागू लागली. काय शिजवतेस विचारलं तर झाकण उचलून चालू लागली. मी मागोमाग गेले. तिने बंदुकीवर ओला टॉवेल घातला, झाकण तोंडासमोर धरलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि टॉवेलखाली पाना फिरवला. लांबलचक सूं झालं. मग तिने नट पुन्हा घट्ट केला, छर्रा काढून टाकला आणि गादी उन्हात टाकली.

आम्ही ठरवलं, बोलायचं नाही. वाटलं, त्याला सुटल्यासारखं होईल. दोन बायकांना मिळून एवढी अक्कल.

ओमोन नमाजाहून आला, सोबत गावप्रमुख आणि पाच-सात जण. आत गेला, खटका मारला. टक्. आम्हाला काही फरक कळला नाही, पण त्याला भरलेला टक् आणि रिकामा टक् वेगळा ऐकू येतो. तो बाहेर आला, स्टुलावर चढला आणि पाटी उतरवू लागला. साहेब म्हणाले, हवा सुटली वाटतं, बरं झालं. मला त्यांच्या डोक्यात पळी घालावीशी वाटली.

एंतिनने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या पुरुषांकडे.

“अहो, खाली उतरा. वायसरने नाही सोडली हवा. मी काढली.”

ओमोन पाटी छातीशी धरून स्टुलावरच उभा.

“कुठून?”

“मागच्या नटातून.”

“किती फिरवलास?”

“पाव.”

“पावच?”

“तेव्हा तुम्ही अख्खा फिरवला होता. म्हणून तर दात गेला.”

मागून कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले. मला वाटलं, आता हा माणूस जन्मभर मान वर करणार नाही. बायकोने पाच मिनिटांत केलेलं काम चार दिवस याला जमलं नाही, आणि तेही गावासमोर उघडं पडलं. पण ओमोनचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“ऐकलंत ना सगळ्यांनी? नट फिरवावा लागला. आपणहून सुटली नाही,” तो म्हणाला. “यायानला सांगा. एकतीस दाब, चार दिवस.”

पाटी पुन्हा खिळ्याला अडकवून तो खाली उतरला. आतून बंदूक आणली, पुसली आणि गावप्रमुखांच्या हातात दिली.

“साहेब, पुन्हा कधी अशी ठासून भरलीत तर माझ्याकडे आणू नका. हिच्याकडे द्या. मला भीती वाटते.”

वीस वर्षांत ते वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. एंतिन पदराने डोळे पुसत आत गेली आणि मला तिच्यामागे जावं लागलं, कारण माझं झाकण अजून तिच्याच घरात होतं.