मेंदी छाटायचं पेट्रोलचं मशीन

बायको गेल्यापासून अमरावतीच्या माझ्या घरात इतकी शांतता होती, की पाल चुकचुकली तरी मी तिला "हो, बोला" म्हणायचो. कुंपणाची मेंदी एवढी माजली होती, की चिखलदऱ्याहून येणारं वारं तिला अडून परत जायचं. ती छाटायला मशीन घ्यावं म्हणून अकोल्याच्या दुकानात गेलो.

"काका, महिन्यातून एकदा छाटाले बॅटरीचं घ्या," दुकानदार म्हणाला. "आवाजच नाई. पेट्रोलचं सुरू केलं का सारी कॉलनी बाहेर येते."

"सारी?"

"सारी."

मी पेट्रोलचंच घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोरी ओढली, तेव्हा मेळघाटातले वाघ धारणीची बस पकडून पळाले असतील. वर्षभर नुसती मान हलवून जाणारे शेजारचे गृहस्थ त्यांच्या गच्चीवर येऊन ओरडले,

"काहून तरास देऊन राहिले भाऊ? बंद करा ना."

मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. तरी कानाशी हात नेऊन म्हणालो, "आयकू नाई येत. इकडं या."

ते फाटक उघडून आत येईपर्यंत मी इंजिन चालूच ठेवलं. मग बंद करून म्हटलं, "आलेच आहात, तर चहा मांडतो."

ते बसले. आत जाऊन पाहतो, तर दुसरा कप कुठं ठेवलाय, तेच आठवेना.